उद्योग सरकारकडे का जातात? विमा, बँका, कोळसा आणि गिरण्यांच्या निमित्ताने

अनिकेत_स (धागाकर्ता)

एखादी सरकारी कंपनी विकायला काढल्याची बातमी आली की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. एका बाजूचं म्हणणं, धंदा करणं हे सरकारचं काम नव्हे. दुसरी बाजू म्हणते, बापजाद्यांनी कमावलेलं विकून खायला निघाले. दोन्हीकडे तावातावाने बोललं जातं, पण तो उद्योग मुळात सरकारकडे आला कसा, कोणत्या अडचणीपायी आला, हा विषय फारसा कुणी काढत नाही. मला तोच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ज्या कारणासाठी उद्योग घेतला ते कारण आज शिल्लक आहे का, हे तपासल्याशिवाय 'ठेवा' किंवा 'विका' म्हणण्यात अर्थ नाही. आणि हे कारण प्रत्येक उद्योगाचं वेगळं आहे. 'नेहरूंचा समाजवाद' किंवा 'इंदिराबाईंचं राजकारण' एवढं म्हणून सगळी प्रकरणं निकालात काढता येत नाहीत.

आयुर्विम्यापासून सुरुवात करतो. ते प्रकरण मी सगळ्यात जास्त वाचलंय, आणि त्यात आपले चिंतामणराव देशमुख आहेत.

१९ जानेवारी १९५६ ला अर्थमंत्री देशमुख आकाशवाणीवरून बोलले आणि देशातला आयुर्विम्याचा सगळा व्यवसाय सरकार ताब्यात घेत असल्याचं त्यांनी जाहीर केलं. १५४ भारतीय कंपन्या, १६ परदेशी कंपन्या आणि ७५ प्रॉव्हिडंट सोसायट्या, अशा एकूण २४५ संस्था. अध्यादेश काढून आधी फक्त कारभार हातात घेतला. मालकीचा कायदा नंतर संसदेत झाला आणि १ सप्टेंबर १९५६ ला एलआयसी सुरू झाली.

आधी कारभार, मग मालकी, हा क्रम नीट बघा. विमा कंपनीची सगळी दौलत कागदावर असते: रोखे, शेअर, कर्जं, ठेवी. आधी विधेयक मांडून त्यावर महिनोनमहिने चर्चा केली असती, तर तेवढ्यात हवी ती मालमत्ता हव्या त्या नावावर गेली असती. म्हणून घोषणा होईपर्यंत कमालीची गुप्तता पाळली गेली. पुढे कोळशालाही हीच पद्धत लावली.

आता कारण. देशमुखांनी स्वतःच सांगितलं होतं की मागच्या दहा वर्षांत २५ विमा कंपन्या दिवाळखोरीत निघाल्या, आणि आणखी २५ कंपन्यांनी पैसा असा उधळला की त्यांचा व्यवसाय दुसऱ्या कंपन्यांकडे सोपवावा लागला. विमेदार वीस-पंचवीस वर्षं हप्ते भरतो. तो मेल्यावर त्याच्या बायकोला पैसे मिळतात की नाही, हे बघायला तो नसतोच. मधल्या काळात हा ढीगभर पैसा कंपनीच्या मालकाच्या हाताशी असतो, आणि मालकाचे आणखी चार धंदे असले की तो पैसा तिकडे वळवण्याचा मोह होतो. रामकृष्ण दालमियांच्या भारत इन्शुरन्स कंपनीत नेमकं हेच झालं. डिसेंबर १९५५ मध्ये काँग्रेसचेच खासदार फिरोज गांधींनी ते लोकसभेत पुराव्यानिशी मांडलं, आणि पुढच्याच महिन्यात अध्यादेश निघाला. त्याआधी नियमन नव्हतं असंही नाही. १९३८ चा विमा कायदा होता, त्यात दुरुस्त्या झाल्या होत्या, तरीही चोऱ्या थांबल्या नव्हत्या.

दुसरंही कारण होतं. दुसरी पंचवार्षिक योजना एप्रिलमध्ये सुरू होणार होती आणि तिला लांब मुदतीचा पैसा हवा होता. विम्याइतका लांब मुदतीचा पैसा दुसरीकडे कुठे मिळणार?

देशमुख डावे नव्हते. आयसीएस अधिकारी, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९४४ मध्ये ब्रेटन वुड्सच्या परिषदेला गेलेले. अशा माणसाने हा निर्णय घेतला म्हणून त्यामागच्या कारणांना वजन आहे, असं मला वाटतं. त्याच वर्षी मुंबईच्या प्रश्नावरून त्यांनी मंत्रिपद सोडलं, हे सगळ्यांना माहीत असतं. एलआयसीचं श्रेय त्यांचं आहे हे मात्र कमी जणांना ठाऊक असतं.

आता यातली दुखरी बाजू. दोनच वर्षांत एलआयसीचा सव्वा कोटीच्या आसपास पैसा हरिदास मुंदडांच्या बुडीत चाललेल्या कंपन्यांचे शेअर घेण्यात गेला. ज्या रोगावर औषध म्हणून महामंडळ काढलं, तोच रोग महामंडळात शिरला. पुन्हा फिरोज गांधीच उभे राहिले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश छागला यांनी मुंबईत उघड चौकशी केली, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना राजीनामा द्यावा लागला. सरकारी मालकीमुळे चोरी थांबते, असं यावरून म्हणता येणार नाही. पण चोरी झाल्यावर मंत्र्याला थेट जाब विचारता आला, कारण तिजोरीची जबाबदारी त्याची होती. माझ्या मते हा फरक लहान नाही.

बँका, कोळसा, गिरण्या यांबद्दल इथे माझ्यापेक्षा जास्त माहिती असलेले लोक आहेत. त्यांनी लिहावं.

जुना_कॅशियर

अनिकेत, चांगला विषय काढलास. बँकांबद्दल मी लिहितो. राष्ट्रीयीकरणाच्या दिवशी मी शाळेत होतो, पण सगळी नोकरी त्याच्या परिणामांत गेली.

आधी पार्श्वभूमी. १९५१-५२ ला रिझर्व्ह बँकेने देशभर ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी केली. शेतकऱ्याच्या कर्जात सावकारांचा वाटा जवळपास ७० टक्के निघाला, सहकारी संस्थांचा ३ टक्के आणि व्यापारी बँकांचा १ टक्कासुद्धा नाही. त्या पाहणीच्या शिफारशीवरून १९५५ मध्ये इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली. बाकीच्या बँका उद्योगपतींच्या घराण्यांकडेच राहिल्या. त्यांच्या संचालक मंडळांवर ज्यांची नावं, कर्जंही फिरून त्यांच्याच कारखान्यांना. १९६९ मध्ये १४ बँका घेतल्या, तेव्हा व्यापारी बँकांच्या एकूण कर्जात शेतीचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास होता. देशात सगळ्या मिळून ८,२६२ शाखा होत्या. १९९० पर्यंत त्या ५९ हजारांच्या वर गेल्या.

हा आकडा कसा वाढला ते सांगतो. १९७७ मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम केला: जिथे बँक आहे तिथे एक नवी शाखा हवी असेल, तर जिथे एकही बँक नाही अशा ठिकाणी चार उघडा. त्या चारांपैकी एका शाखेत मी मराठवाड्यात कॅशियर म्हणून लागलो. भाड्याच्या दोन खोल्या, बाहेर कडुनिंब. तिजोरी ट्रकमधून आली, पण शेवटच्या टप्प्यात काळ्या मातीचा रस्ता चिखलाने भरलेला. मग ती बैलगाडीवर चढवली आणि गावातली पोरं मागून ढकलत आली. पहिले काही आठवडे लोक नुसते येऊन बघून जायचे. पैसे ठेवायला पहिल्यांदा आल्या त्या बायका. नवऱ्याला कळू नये म्हणून पासबुक आमच्याकडेच ठेवा म्हणायच्या.

कर्जाची गंमत वेगळी होती. विहिरीला किंवा इंजिनाला कर्ज हवं तर सातबारा, आठ-अ आणि आजूबाजूच्या सगळ्या संस्थांचे बेबाकी (थकबाकी नसल्याचे) दाखले आणावे लागायचे. त्यात शेतकऱ्याच्या चपला झिजायच्या, हे खरं. पण सातबाऱ्यावर बँकेचा बोजा चढला तरी जमीन त्याच्याच नावावर राहायची. सावकाराकडे ती खरेदीखताने जायची आणि परत यायची नाही. ज्यांनी हे दोन्ही बघितलंय त्यांना या दोन कागदांतला फरक समजावून सांगावा लागत नाही.

वाईटही लिहितो. ऐंशीच्या दशकात कर्ज मेळावे आले. मांडवात नावं पुकारायची, पुढारी हार घालणार, आणि कर्ज कुणाला द्यायचं याची यादी आमच्याकडे आधीच तयार होऊन यायची. १९९० मध्ये दहा हजारांपर्यंतची कर्जमाफी झाली. नियमित भरणारा माणूस माझ्या खिडकीशी येऊन म्हणाला, "साहेब, मी भरले ही माझी चूक झाली का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. परतफेडीची सवय मोडायला तिथून सुरुवात झाली, आणि ती मोडली ती मालकी सरकारची असल्यामुळेच, हेही मान्य करायला हवं.

मृण्मयी_क

काका, प्रतिसाद फार आवडला. पण १९६९ च्या बाबतीत अनिकेतचं 'राजकारणावर निकालात काढू नका' मला पटत नाही. तारखा बघा. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात काँग्रेसचं बंगळूर अधिवेशन. राष्ट्रपतिपदाच्या उमेदवारीवरून सिंडिकेट, म्हणजे पक्षातले जुने वजनदार नेते, आणि इंदिरा गांधी समोरासमोर. १६ जुलैला मोरारजी देसाईंकडून अर्थखातं काढून घेतलं. १९ जुलैला, शनिवारी, अध्यादेश. हंगामी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरींनी पद सोडायच्या आधी सही हवी होती. शेतकऱ्याचा कळवळा असता तर तो तीन दिवसांत उफाळून आला नसता.

शिवाय दीडच वर्षापूर्वी 'सामाजिक नियंत्रण' आणलं होतं. बँकांच्या संचालक मंडळांवर शेती आणि लघुउद्योगांचे लोक घ्यायचे, उद्योगपतींची पकड सैल करायची. तो कायदा १९६९ च्या सुरुवातीलाच लागू झाला. त्याला संधीच दिली नाही.

अनिकेत_स

मृण्मयी, तारखा बरोबर आहेत आणि त्यांचा अर्थही तू म्हणतेस तोच. १९ जुलै हा दिवस राजकारणाने ठरवला. पण बँका घ्याव्यात ही मागणी त्याआधी कित्येक वर्षं काँग्रेसमध्ये आणि बाहेर चालू होती. १९६५ आणि १९६६ चे लागोपाठ दोन दुष्काळ, रुपयाचं अवमूल्यन, परदेशातून मागवलेला गहू, हे सगळं होऊन गेलं होतं. नव्या बियाण्यांची शेती करायची तर खत, पाणी, इंजिन हवं, त्याला रोख पैसा हवा, आणि तो पैसा गावात कुणी नेत नव्हतं. गरज साचलेली असते, आणि राजकारणी ती आपल्या सोयीच्या दिवशी वापरतो. म्हणून गरज खोटी ठरत नाही.

सामाजिक नियंत्रणाला संधी मिळाली नाही, हा तुझा मुद्दा मात्र मला पटतो. तो प्रयोग पाच वर्षं चालला असता तर आज आपल्याला तुलना करता आली असती.

आणि एक नाव सांगायचं राहिलं: अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ. त्यांच्या अध्यक्षतेखालच्या अभ्यासगटाने १९६९ मध्येच जिल्हानिहाय जबाबदारीची कल्पना मांडली. त्यातून अग्रणी बँक योजना आली. एक जिल्हा, एक बँक पुढाकार घेणार, कुठे शाखा नाही ते शोधणार. बँका ताब्यात घेणं एका रात्रीत झालं. त्या बँकांनी करायचं काय, हे ठरवायला पुण्याचे गाडगीळ लागले.

घुग्गुसकर

कोळशाबद्दल लिहितो. आजोबा खासगी खाणीत होते, वडील आधी खासगी आणि मग वेकोलित, म्हणजे सरकारी वेस्टर्न कोलफील्ड्समध्ये. त्यामुळे दोन्ही बाजू घरात ऐकल्या.

तारखा आधी. कोकिंग कोळसा, म्हणजे पोलादाच्या भट्टीला लागणारा. त्याच्या खाणींचा कारभार ऑक्टोबर १९७१ मध्ये घेतला आणि १ मे १९७२ ला मालकी. अशा २१४ खाणी. बाकीच्या कोळशाचा कारभार जानेवारी १९७३ अखेर आणि मालकी १ मे १९७३ ला. त्या ७११. मंत्री मोहन कुमारमंगलम. आमच्या विदर्भातल्या बल्लारपूर, घुग्गुस, माजरी पट्ट्यातल्या खाणी दुसऱ्या खेपेत आल्या. पुढे १९७५ मध्ये नागपूरला वेकोलिचं मुख्यालय झालं.

का घेतल्या हे समजायला जमिनीखाली काय चालायचं ते समजून घ्यावं लागतं. भूमिगत खाणीत कोळसा काढताना मध्ये मध्ये कोळशाचेच खांब सोडतात. त्यांच्यावर छत उभं असतं. सगळा कोळसा काढायचा तर आधी रिकामी जागा वाळूने भरत जायची आणि मग खांब पाडायचे. वाळूला पैसे लागतात, पंप लागतात, वेळ लागतो. मालकाचा पट्टा ठरावीक वर्षांचा. त्याला काय पडलंय? तो वरचा चांगला कोळसा ओरबाडायचा, खांब बारीक करत न्यायचा, वाळू भरायची नाही आणि निघून जायचा. खालचा निम्मा कोळसा कायमचा गाडला जायचा, नाहीतर आग लागायची. झरियाची आग अजून धुमसते आहे. कोकिंग कोळसा देशात मुळातच थोडा, तो तिकडेच एकवटलेला. बोकारो, भिलाईच्या भट्ट्या चालवायच्या असतील तर तो असा नासू देणं परवडणारं नव्हतं. कोकिंग कोळसा आधी घेतला, तो यामुळे.

दुसरं कारण मजुरांचं. १९६७ मध्ये वेतन मंडळाने ठरवलेली मजुरी कित्येक मालकांनी दिलीच नाही. आजोबा सांगायचे, हजेरी ठेकेदाराच्या वहीत, पगारही त्याच्याच हातून, आणि त्याच्याकडेच उचल. पगाराच्या दिवशी हातात यायचं ते उचल वजा जाऊन. मेला तर बाहेरगावचा मजूर, नाव वहीतून कमी. सरकारी झाल्यावर नाव हजेरीपटावर आलं, भविष्यनिर्वाह निधी सुरू झाला, क्वार्टर मिळालं, दवाखाना मिळाला. आमच्या घरात पहिल्यांदा कुणी कॉलेजात गेलं ते त्यामुळेच.

पण ज्यांच्या शेतावर खाण आली त्यांनाही विचारा. उघड्या खाणी वाढल्या तशी वणी, घुग्गुस, राजुऱ्याकडची कापसाची, सोयाबीनची जमीन गेली. मोबदला आणि घरटी एक नोकरी, यासाठी लोकांनी वर्षानुवर्षं खेटे घातले. विहिरी आटल्या. वाळत घातलेलं धुणं संध्याकाळी काळं होतं. सरकारी मालकीचा फायदा खाणीतल्या कामगाराला झाला आणि देशाच्या भट्ट्यांना झाला. खाणीशेजारच्या गावाला तो आपोआप झाला नाही. राष्ट्रीयीकरणाचं कौतुक करताना हे विसरू नका, एवढंच सांगतो.

आणखी एक गोष्ट. आमच्याकडे सरकारी खाण ही काही इंदिरा गांधींपासूनची गोष्ट नाही. वरोऱ्याची खाण एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारनेच चालवली. तिच्यासाठी वर्धा कोल स्टेट रेल्वे टाकली. १९०६ मध्ये ती बंद पडली. खासगी मालकीचे गोडवे गाणाऱ्या इंग्रजांनीही रेल्वेच्या इंजिनाला कोळसा कमी पडू नये म्हणून स्वतः खाण काढली होती.

सह्याद्रीपुत्र

घुग्गुसकर, अप्रतिम प्रतिसाद. यात एसटी येत नाही का? १ जून १९४८ ला पुणे-नगर पहिली गाडी सुटली. त्याआधी खासगी मोटारवाले होते. फायद्याच्या रस्त्यावर एकामागे एक गाड्या आणि आडवळणाच्या गावाला काहीच नाही. वाहतूक एका हातात आल्यावर पुणे-मुंबईच्या कमाईवर वेल्ह्याची मुक्कामी गाडी चालवता आली.

आणि मुंबईत बेस्ट. ट्राम आणि विजेची कंपनी महापालिकेने ७ ऑगस्ट १९४७ ला घेतली, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी.

परळकर_५८

गिरण्यांचं मी लिहायला हवं, कारण अनिकेतचा मूळ मुद्दा, कारण शिल्लक आहे का बघा हा, गिरण्यांना सगळ्यात जास्त लागू होतो.

गिरण्या सरकारने घेतल्या त्या कोळशासारख्या देशाच्या गरजेसाठी नाही आणि विम्यासारख्या चोरीमुळेही नाही. मालकांनी त्यातला पैसा काढून दुसरीकडे लावला, यंत्रं जुनीच ठेवली, आणि गिरणी 'आजारी' पडली की टाळं लावलं. हजारो माणसं रस्त्यावर येऊ नयेत म्हणून सरकार पुढे आलं. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळ १९६८ चं. १९७४ मध्ये देशभरातल्या १०३ आजारी गिरण्या त्याच्याकडे गेल्या. मग १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. संप कधी अधिकृतपणे मागे घेतला गेलाच नाही. ऑक्टोबर १९८३ मध्ये सरकारने मुंबईतल्या १३ गिरण्यांचा कारभार घेतला. मालकी मात्र १९९५ मध्ये घेतली. मधली बारा वर्षं ना धड सरकारी ना धड खासगी.

वडील त्यातल्याच एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. संपानंतर परत घेतलं तेव्हा त्यांना वाटलं, आता सरकार मालक, आता काय भीती? पण नवा साचा काही आला नाही. तुटलेल्या भागाला दुसऱ्या बंद साच्याचा भाग काढून लावायचे. सूत वेळेवर यायचं नाही. पाळीला यायचं, हजेरी लावायची आणि थंड साच्यापुढे बसून राहायचं. ज्या माणसाने चार साचे एकट्याने धावते ठेवले, त्याला कामाविना बसवणं म्हणजे काय, हे मी त्यांच्या तोंडावर बघितलंय. मग स्वेच्छानिवृत्तीचे कागद आले.

तोवर विकास नियंत्रण नियमावलीतला ५८ वा नियम आला होता, १९९१ चा. गिरणीची जमीन विकसित करायची तर तिचे वाटे ठरले होते: मोकळ्या जागेला, म्हाडाला घरांसाठी आणि मालकाला. २००१ मध्ये त्यात असा बदल झाला की फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीचाच वाटा द्यायचा. बांधकामाखालची जमीन त्यातून सुटली. २००५ मध्ये महामंडळाने ज्युपिटर, अपोलो, एल्फिन्स्टन, कोहिनूर, मुंबई टेक्स्टाईल अशा गिरण्या लिलावात विकल्या. तिथले टॉवर तुम्ही रोज बघता.

माझं म्हणणं असं: रोजगार वाचवण्यासाठी उद्योग घ्यायचा असेल तर पहिल्या दिवसापासून त्यात पैसा ओतून नवी यंत्रं घालायला हवीत. नुसतं टाळं उघडून ठेवण्यासाठी घेतला तर सरकार फक्त मरण लांबवतं. शेवटी उरते ती जमीन, आणि जमिनीला गिऱ्हाईक असतंच. दादरची इंदू मिल बाबासाहेबांच्या स्मारकाला मिळाली, ती जागा तरी लोकांकडे राहिली.

टेम्सकाठचा_कुलकर्णी

परळकर, वाचून जीव कळवळला. इकडची थोडी भर घालतो.

ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९४७ ला कोळसा सरकारी झाला. त्या दिवशी खाणीखाणींवर पाट्या लागल्या: ही खाण आता राष्ट्रीय कोळसा मंडळ जनतेच्या वतीने चालवते. कारणं घुग्गुसकरांनी लिहिली तीच: शेकडो लहान मालक, यंत्रांत पैसा घालायची तयारी नाही, मजुरांशी पिढ्यानपिढ्यांचं वैर. पण ते मजूर पक्षाचं सरकार होतं, त्यामुळे 'समाजवाद' म्हणून सोडून देता येतं. मला जास्त बोलकं उदाहरण वाटतं ते रोल्स-रॉइसचं. फेब्रुवारी १९७१ मध्ये विमानाचं नवं इंजिन बनवण्याच्या खर्चापायी कंपनी बुडाली. तेव्हा सरकार एडवर्ड हीथ यांच्या हुजूर पक्षाचं. सरकारने उद्योगांत हात घालू नये, असं म्हणत निवडून आलेलं. त्यांनीच ती कंपनी राष्ट्रीयीकृत केली, कारण हवाई दलाची इंजिनं तिच्याकडून येत होती.

रेल्वेचंही तसंच. १९९० च्या दशकात खासगी केली. रुळांची कंपनी रेलट्रॅक. २००० मध्ये हॅटफिल्डला रूळ तुटून गाडी घसरली आणि देखभालीची सगळी हेळसांड बाहेर आली. वर्षभरात कंपनी कोसळली, आणि रूळ नफा न वाटणाऱ्या नेटवर्क रेलकडे गेले. आता प्रवासी गाड्याही एकेक करून परत सरकारकडे येताहेत. मे २०२५ मध्ये साउथ वेस्टर्न रेल्वे आली, मी रोज तिनेच जातो. गाडीला उशीर अजून होतोच. पण तक्रार कुणाकडे करायची हे आता खासदारालाही माहीत आहे.

मृण्मयी_क

सगळं वाचून मत थोडं बदललं, पण एक प्रश्न उरतोच. ज्यांचं घेतलं त्यांना काय मिळालं? बँकेचे भागधारक सगळे काही टाटा-बिर्ला नव्हते. बँक ऑफ महाराष्ट्रचे शेअर पुण्यातल्या मध्यमवर्गीयांकडे होते. माझ्या पणजोबांकडेही होते.

अनिकेत_स

रास्त प्रश्न. यावर सर्वोच्च न्यायालयात मोठी लढाई झाली. रुस्तुम कूपर हे भागधारक कोर्टात गेले, नानी पालखीवालांनी बाजू मांडली, आणि १० फेब्रुवारी १९७० ला न्यायालयाने कायदा रद्द ठरवला. दोन कारणं: या १४ बँकांनाच वेगळं काढून भेदभाव केला, आणि भरपाई ठरवण्याची रीत चुकीची होती, तिच्यात बँकेच्या नावाची किंमत वगैरे धरलीच नव्हती. चारच दिवसांत नवा अध्यादेश आला. या वेळी रीत न सांगता प्रत्येक बँकेपुढे थेट रक्कम लिहून टाकली. १४ बँकांची मिळून सुमारे ८७ कोटी. त्यात बँक ऑफ महाराष्ट्रचे सव्वादोन कोटींच्या आसपास.

ते पुरेसं होतं का? कूपर कोर्टात गेले नसते तर कमी मिळालं असतं, एवढं नक्की. माझं मत विचारशील तर सरकारने घेताना पूर्ण किंमत मोजावी. लहान भागधारकाला मोजावीच. ज्या मालकाने कंपनी आतून पोखरली त्याला आणि ज्याने बचतीतून दहा शेअर घेतले त्याला एकाच मापाने मोजणं अन्यायाचं आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. विम्यात चोरी रोखायला आज स्वतंत्र नियामक आहे, १९९९ चा कायदा आहे, खासगी कंपन्या आल्याला पाव शतक झालं आणि १९५६ च्या आधीसारखी पडझड झालेली नाही. त्यामुळे एलआयसीचे साडेतीन टक्के शेअर २०२२ मध्ये विकले, याचं मला दुःख झालं नाही. बँकांचं कारण माझ्या मते अजून शिल्लक आहे, कारण तोट्याच्या गावात शाखा चालवायला खासगी बँक आजही स्वतःहून जात नाही. कोळशाबद्दल घुग्गुसकरांनी सांगावं. राष्ट्रीयीकरणाचा कायदा २०१८ मध्ये रद्द झाला, २०२० पासून खासगी कंपन्यांना विक्रीसाठी कोळसा काढायला लिलावाने खाणी मिळताहेत. जुनी भीती परत खरी होईल का?

घुग्गुसकर

खांब बारीक करायची भीती बरीच कमी झाली, अनिकेतभाऊ, कारण आता बहुतेक कोळसा उघड्या खाणीतून निघतो. तिथे खांबच नसतात. सुरक्षा संचालनालयाची तपासणीही पूर्वीपेक्षा कडक आहे.

पण ओरबाडून निघून जायचं याला आता दुसरं रूप आहे. उघड्या खाणीत कोळशावरची माती आणि दगड काढून बाजूला टाकतात. त्याचे डोंगर होतात. आमच्याकडे या, वर्धा नदीच्या काठाने जाताना दिसतील. कोळसा संपला की ती माती परत खड्ड्यात भरायची, सपाट करायची, झाडं लावायची, असं खाण बंद करण्याच्या आराखड्यात लिहिलेलं असतं आणि त्यासाठी दरवर्षी पैसे वेगळे ठेवावे लागतात. सरकारी खाणींतही हे काम रखडलेलं मी बघितलंय. खासगी कंपनी वीस-पंचवीस वर्षांनी कुणाच्या नावावर असेल हे कुणी सांगू शकत नाही. म्हणून नवीन खाण येते तेव्हा जनसुनावणीत आम्ही एकच गोष्ट लावून धरतो: माती परत भरण्याचा पैसा दरवर्षी किती जमा झाला, तो कुठल्या खात्यात आहे, याचा आकडा ग्रामपंचायतीच्या फलकावर लागला पाहिजे. मालक सरकार असो की शेठ, हे दोघांनाही लागू. मागच्या सुनावणीत अधिकाऱ्यांनी ते टिपून घेतलंय. पुढच्या सुनावणीला त्या टिपणाची प्रत मागणार आहोत.